रॅपला नावं ठेवणारं रॅप : प्रिन्सच्या 'डेड ऑन इट'बद्दल

अमेरिकन गायक-संगीतकार प्रिन्सचं 'डेड ऑन इट' हे टाकाऊ गाणं आहे असं इतक्या जणांनी म्हणून ठेवलंय की आता ते धड ऐकायच्या भानगडीत कुणी पडतच नाही. त्याचा 'ब्लॅक अल्बम' लावला की हे तिसऱ्या नंबरला येतं, लोक दुसरं संपलं की सरळ चौथ्यावर जातात. कारण काय तर त्यात रॅपची टिंगल केलीय, आणि टिंगल केलीय म्हणजे त्याला रॅप कळलंच नव्हतं, जळत होता, काळाच्या मागं पडला होता, वगैरे वगैरे. मला हे अजिबात पटत नाही आणि बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज लिहितोच. माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या गाण्यातले शब्द एक सांगतात आणि खालचं वाजवणं बरोबर त्याच्या उलटं सांगतं, आणि ज्याला वाजवण्याचा कान आहे त्यानं वाजवण्यावर विश्वास ठेवावा.

ज्यांना अल्बमची गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८७ च्या मार्चमध्ये 'साइन ओ द टाइम्स' हा डबल अल्बम आला, सगळीकडं वाहवा झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या ८ तारखेला दुसरा एक अल्बम यायचा होता. कव्हर पूर्ण काळं, त्यावर प्रिन्सचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, फोटो तर नाहीच. आत कडक फंक, म्हणजे बास आणि ठोक्यावर नाचवणारं काळ्या अमेरिकनांचं संगीत, एक 'व्हेन टू आर इन लव्ह' सोडलं तर कुठं मऊपणा नाही. आणि बाजारात यायच्या आठवडाभर आधी प्रिन्सनंच कंपनीला सांगितलं की थांबवा, विकू नका. जवळपास पाच लाख प्रती छापून तयार होत्या, त्या नष्ट केल्या. त्याला तो अल्बम वाईट शक्तीच्या प्रभावाखाली झालाय असं वाटायला लागलं होतं म्हणे. पुढच्या वर्षी, १९८८ ला, 'लव्हसेक्सी' काढला आणि त्यातल्या 'अल्फाबेट स्ट्रीट'च्या व्हिडिओमध्ये अक्षरांच्या गर्दीत एक निरोप लपवला, ब्लॅक अल्बम विकत घेऊ नका, सॉरी. आता असं सांगितल्यावर लोक गप्प बसतील का, बेकायदेशीर कॅसेटी जगभर फिरल्या. ज्या थोड्या मूळ प्रती वाचल्या त्यांना आज लाखांत किंमत आहे. अधिकृतपणे तो शेवटी १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये आला, तेही थोड्या दिवसांसाठीच.

हे सात वर्षांचं अंतर लक्षात ठेवा, त्याच्यावर मी परत येणारे.

आता गाणं. सुरुवातीला एक माणूस थंडरबर्ड गाडीतून हायवेला निघालाय, काहीतरी संगीत ऐकावं म्हणून रेडिओ लावतो, तर त्यात कुणीतरी येडपट रॅपर बडबडतोय. मग तो म्हणतो की चांगला रॅपर कोण, तर जो मेलाय तो, आणि एक क्षण थांबून वाक्य पुरं करतो की जो नेमका वर्मावर बसलाय तो. गाण्याच्या नावातच हा खेळ आहे, 'डेड' म्हणजे मेलेला आणि 'डेड ऑन इट' म्हणजे अगदी नेमका. पुढं म्हणतो की रॅपरांची अडचण ही आहे की त्यांना सूर नाही, हाऊसफुल थिएटरमध्ये एकदा गायला लागू दे, हॉल रिकामा होईल. मग आपलाच मोठेपणा, माझा सोन्याचा दात तुझ्या घरापेक्षा महाग आहे, बोटांत हिऱ्याच्या अंगठ्या आहेत. आणि मग न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनची पोरं बास बरा वाजवतात, खरं मिनियापोलिसवाले जसा वाजवायला पाहिजे तसा वाजवतात. मिनियापोलिस म्हणजे त्याचं गाव.

आणि हे सगळं तो कसं सांगतो? रॅप करून सांगतो! ड्रम मशीनचा कोरडा ठोका, दोन ठोक्यांच्या मध्ये भरपूर रिकामी जागा, त्यात बास आणि गिटारचे छोटे छोटे तुकडे, आणि त्याच्यावर त्याचं बोलणं. तान नाही, तो वरचा पातळ आवाज नाही ज्यासाठी तो ओळखला जायचा, कोरसमध्ये सुरांचे थर नाहीत. १९८७ ला ज्याच्या घशात असा आवाज होता त्यानं तो गुंडाळून ठेवला आणि ज्यांना सूर नाही असं म्हणतोय त्यांच्याच पद्धतीनं उभा राहिला.

बरं, टिंगल करायची म्हणून कुणी नक्कल करतो तेव्हा काय होतं ते आपण बघतोच की. गॅदरिंगमध्ये शास्त्रीय गाण्याची नक्कल करणारे असतात, नुसतं आऽऽ करून मान हलवतात, लोक हसतात. त्यात तालाशी काही देणंघेणं नसतं. ज्याला एखादी गोष्ट तुच्छ वाटते तो तिची नक्कल आळसानंच करतो. 'डेड ऑन इट'मध्ये आळस कुठं सापडतो ते मला दाखवा. हेडफोन लावा आणि फक्त बास ऐका, शब्द सोडून द्या. जिथं बास थांबतो ती जागा बघा. फंकमध्ये गायक जेम्स ब्राऊननं जी गोष्ट रुजवली ती ही की चक्रातल्या पहिल्या ठोक्यावर, आपल्या भाषेत समेवर, सगळ्यांनी मिळून वजन टाकायचं आणि मधल्या वेळात ज्यानं त्यानं आपापल्या जागेवर राहायचं. इथं प्रिन्स समेवर वजन टाकतोय आणि मधली जागा मुद्दाम रिकामी सोडतोय, कारण त्याला माहितीय की रॅपमध्ये ती जागा बोलणाऱ्याची असते. हे कळल्याशिवाय असं वाजवता येत नाही. बोटांना कळलं होतं, तोंड नाही म्हणत होतं.

माझ्या भाच्याचा दाखला देतो. पोरगा रॅप करतो, सांगलीच्या भाषेत करतो, विश्रामबागेत मित्राच्या खोलीत माइक लावून रेकॉर्ड करतात आणि चांगलं करतात. त्याला मी हे गाणं ऐकवलं, आधी काही सांगितलं नाही. अर्ध्यात म्हणाला, "मामा, ह्यो आमाला शिव्या घालतोय काय?" म्हणलं होय. परत ऐकलं, मांडीवर बोटं वाजवत. मग म्हणतोय, "शिव्या घालू दे की, खरं फ्लो बघा जरा, ठोक्याच्या थोडं मागं राहून बोलतोय सगळं. ज्याला येत न्हाई त्याला हे जमत न्हाई." मी हेच कुठल्या मोठ्या समीक्षकाकडून ऐकायला मिळावं म्हणून वाट बघत होतो आणि ते घरातच मिळालं. नंतर त्यानं तो ठोका उचलून त्याच्यावर स्वतःचे शब्दही लिहिले, प्रिन्सला उलट जवाब दिला त्यात. मला ते लय आवडलं कारण गाण्याचा खरा उपयोग हाच आहे.

जवाब म्हणल्यावर आमच्याकडच्या माणसाला जे आठवायचं तेच आठवतं. कलगी आणि तुरा. शिव मोठा का शक्ती मोठी, पुरुष मोठा का प्रकृती, ह्याच्यावर रात्र रात्र फड रंगायचे, एकानं कूट घालायचं, समोरच्यानं ते सोडवायचं आणि सोडवता सोडवता घालणाऱ्याची फजिती करायची. डफ, तुणतुणं, मागं झीलकरी. जुनी माणसं सांगतात की सवाल ज्या चालीत आला त्याच चालीत जवाब दिला तर त्याला किंमत, चाल सोडून दिलेला जवाब कितीही शहाणपणाचा असला तरी फड मान डोलावत नाही. वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचं गाव, श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचं खरं नाव, ह्या भागातल्या माणसाला सवाल-जवाब वेगळा शिकवावा लागत नाही. आणि तिथं कुणी असं विचारत नाही की हा शाहीर समोरच्याला एवढं बोलला म्हणजे ह्याला शाहिरी कळत नाही का. उलट म्हणतात की बघा कसा त्याच्याच चालीत धरला.

रॅपमध्ये तरी दुसरं काय चालू होतं त्या वेळी? १९८६-८७ ला न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्स आणि क्वीन्सब्रिज यांच्यात जुंपलेली, रॅपचा जन्म कुठं झाला ह्याच्यावरनं. क्वीन्सब्रिजच्या एमसी शाननं एक गाणं केलं, ब्राँक्सच्या केआरएस वननं 'द ब्रिज इज ओव्हर' म्हणून त्याला उडवला, आणि आजही लोक त्याला रॅपमधल्या सगळ्यात भारी भांडणांपैकी एक म्हणतात. आमचं गाव मोठं, तुमचं काही खरं नाही, हाच विषय. मग ब्रुकलिनपेक्षा मिनियापोलिस भारी असं म्हणणारा प्रिन्स त्या फडाच्या बाहेर कसा झाला, तो तर आत येऊन शड्डू ठोकतोय की. सोन्याचा दात, अंगठ्या, गावाचा अभिमान, समोरच्याला काही येत नाही हे सांगणं, सगळे नियम पाळलेत त्यानं. 'डेड ऑन इट' हे रॅपविरुद्धचं भाषण आहे असं समजून ऐकलं की ते हरतं. रॅपच्या फडात बाहेरगावच्या माणसानं दिलेला जवाब आहे असं समजून ऐका, सगळं जागच्या जागी बसतं.

पण नुसता खेळ होता असंही मी म्हणणार नाही. त्यात खरा राग आहे आणि तो राग मला फार जवळचा वाटतो म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्त लिहितो.

गाण्यात एका ठिकाणी प्रश्न येतो की ह्या सगळ्याचा फंकशी संबंध काय, आणि उत्तर येतं की काही नाही, पण बिलं कोण भरतंय? मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलाय, जत्रा, लग्न, गणपती, कृष्णाकाठची गावं, तिकडं साताऱ्यापर्यंत. आमच्यात ऑक्टोपॅडवाला होता, ढोलकीवाला होता, बासवाला होता, दोन गायिका, एक रफी-किशोर दोन्ही गाणारा. गणपतीत बँजो पार्ट्यांना श्वास घ्यायला वेळ नसायचा. मग डॉल्बी आली. एका टेंपोत भिंतभर स्पीकर आणि एक पोरगा लॅपटॉप घेऊन, आणि मंडळवाल्यांना ते बरं पडायला लागलं कारण आवाज मोठा आणि दहा जणांच्या जेवणाची सोय करायची कटकट नाही. मला त्या पोराबद्दल काही म्हणायचं नाही, त्यातले काही लय हुशार असतात, कुठलं गाणं कुठल्या गाण्याला जोडायचं ह्याचाही कान लागतोच. पण आमचा ढोलकीवाला, ज्याची थाप ऐकून म्हातारी माणसं खुर्ची पुढं ओढायची, तो आता एका गोडाऊनवर हळदीच्या पोत्यांचा हिशोब लिहितो. एक आख्खी विद्या घरी बसली. ते बघितलेला माणूस 'रॅपरांना सूर नाही' हे वाक्य ऐकतो तेव्हा त्याला त्यात मत्सर ऐकू येत नाही. वीस वीस वर्षं वाद्यावर बोटं झिजवलेल्या माणसांचं काय, हा प्रश्न ऐकू येतो.

आणि तो प्रश्न फंकवाल्यांना विचारायचा हक्क होता. रॅपचा पाया कशावर रचलाय बघा. डीजे कूल हर्क १९७३ ला ब्राँक्समध्ये पार्ट्या करायचा तेव्हा फंकच्याच रेकॉर्डमधला नुसत्या ताल-वाद्यांचा तुकडा दोन टर्नटेबलवर परत परत फिरवायचा. १९७९ चं 'रॅपर्स डिलाइट' हे रॅप गाणं शीक ह्या बँडच्या 'गुड टाइम्स'च्या बासवर उभं आहे. आणि जेम्स ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर'मध्ये त्याच्या ड्रमरनं, क्लाइड स्टबलफील्डनं, काही सेकंद एकट्यानं जो ठोका वाजवलाय तो शेकडो रॅप गाण्यांत आहे, पब्लिक एनिमी ह्या रॅप ग्रुपच्या 'फाइट द पॉवर'मध्येही आहे. क्लाइडला त्याचं काय मिळालं? गाण्याचा लेखक म्हणून त्याचं नावच नव्हतं, त्यामुळं रॉयल्टीचा प्रश्नच आला नाही. आता हे ऐका. २००० च्या सुमाराला क्लाइडला कॅन्सर झाला, दवाखान्याचं बिल भरण्याच्या पलीकडचं, आणि त्यातले सुमारे ९० हजार डॉलर कुणीतरी गाजावाजा न करता भरून टाकले. ते भरणारा प्रिन्स होता. बाहेर आलं ते प्रिन्स गेल्यानंतर, २०१६ ला. क्लाइड २०१७ ला गेला. बिलं कोण भरतंय असं गाण्यात विचारणाऱ्या माणसानं एका ड्रमरचं बिल खरोखरचं भरलं होतं, आणि हे कळल्यापासून मला ते गाणं चेष्टेचं म्हणून ऐकताच येत नाही.

यंत्राचा मुद्दा काही जण काढतात की प्रिन्सला मशीनचा राग होता. चूक. ड्रम मशीन त्याच्याइतकं मन लावून फार कमी लोकांनी वाजवलं असेल, '१९९९' हे गाणं असो नाहीतर 'व्हेन डव्ज क्राय' असो, ते लिन कंपनीचं ड्रम मशीन म्हणजे त्याच्या आवाजाची ओळखच होती. 'व्हेन डव्ज क्राय'मध्ये तर बासच काढून टाकला होता. राग मशीनचा नव्हता, वाजवणारा माणूस हिशोबातनं गळतोय ह्याचा होता.

आता जे टोचतं तेही लिहायला पाहिजे. मेलेला रॅपरच चांगला, ही ओळ. पुढच्या श्वासात ती फिरवली असली तरी अमेरिकेत आदिवासींबद्दल ह्याच साच्यातलं एक भयंकर वाक्य पूर्वी म्हणलं जायचं आणि त्याची सावली ह्या ओळीवर पडते. त्यात १९९६ ला टुपाक आणि १९९७ ला बिगी, ह्या दोन नावाजलेल्या रॅपरांना गोळ्या घालून मारलं. त्यानंतर ही ओळ ऐकताना पोटात कालवतं, कालवायलाच पाहिजे. लिहिली तेव्हा पुढं काय होणार हे त्याला माहीत असणं शक्य नव्हतं, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येतं. पण मी ती ओळ वगळून गाण्याची बाजू घेणार नाही, ती गाण्यातच आहे आणि गाण्याबरोबरच ऐकावी लागते. ह्याच अल्बमवर 'बॉब जॉर्ज' आहे, त्यात प्रिन्सनं आवाज खोल करून एक हिंसक, घाणेरडा माणूस उभा केलाय, आणि तो माणूस बोलता बोलता खुद्द प्रिन्सलाच हडकुळा आणि चिरक्या आवाजाचा म्हणून शिवी देतो. म्हणजे सगळा अल्बम अशा सोंगांनीच भरलाय. 'डेड ऑन इट'मधला थंडरबर्डवालाही मला तसंच एक सोंग वाटतो, फक्त 'बॉब जॉर्ज'इतकं ते पूर्ण घडवलेलं नाही, मधेच प्रिन्सचा स्वतःचा राग डोकावतो. गाण्यातला खरा दोष काढायचा तर हा काढा.

आणि ते सात वर्षांचं अंतर. १९८७ च्या डिसेंबरला हे वेळेवर आलं असतं तर त्याच वर्षी आलेल्या एरिक बी आणि राकीम ह्या रॅप जोडीच्या 'पेड इन फुल' अल्बमच्या शेजारी ते ऐकलं गेलं असतं, कुणीतरी न्यूयॉर्कमधनं त्याला जवाब दिला असता, प्रिन्सनं उलटा दिला असता, फड लागला असता. ते राहिलं. गाणं आलं १९९४ ला, रॅपर नासचा 'इल्मॅटिक' अल्बम येऊन गेल्यावर. तोपर्यंत प्रिन्सनं स्वतःच्या बँडमध्ये टोनी एम नावाचा रॅपर घेतला होता, 'डायमंड्स अँड पर्ल्स' अल्बमवर त्याच्याकडनं रॅप करून घेतलं होतं, 'माय नेम इज प्रिन्स' हे रॅप असलेलं गाणं करून झालं होतं, आणि रॅपर एमसी हॅमर 'व्हेन डव्ज क्राय'वरच 'प्रे' करून मोकळा झाला होता. सात वर्षांपूर्वीचा सवाल अशा वेळी बाजारात आला की खुद्द विचारणाऱ्यानंच पक्ष बदललेला, मग लोकांनी त्याला शिळं म्हणलं. त्यात नवल नाही, पण तो दोष तारखेचा आहे, गाण्याचा नाही. पुढं १९९९ ला तर त्यानं पब्लिक एनिमीच्या चक डीला आपल्या अल्बमवर गाण्यात घेतलं.

आणि खरं सांगायचं तर टोनी एमबरोबरची ती बरीचशी गाणी, जिथं प्रिन्स रॅपच्या बाजूनं होता, ती आज ऐकवत नाहीत. 'डायमंड्स अँड पर्ल्स'वरचं 'जगहेड' लावून बघा. सगळं भरगच्च, जागाच नाही श्वास घ्यायला, प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी वाजतंय. रॅप आवडतं म्हणून केलेलं रॅप कंटाळवाणं झालं आणि रॅप आवडत नाही म्हणून केलेलं रॅप टवटवीत राहिलं. मी तरी ह्याचा अर्थ असा लावतो की विरोध करताना त्यानं समोरच्याचं बारकाईनं ऐकलं होतं, बाजू घेताना तितकं ऐकायची गरज त्याला वाटली नाही.

ब्लॅक अल्बमवर मला सगळ्यात भारी वाटतं ते अजूनही 'बॉब जॉर्ज', त्याला तोड नाही. दुसरा नंबर मी 'डेड ऑन इट'ला देतो, 'ल ग्राइंड' आणि 'सिंडी सी' ह्या दोन्हीच्या वर, आणि हे वाचून प्रिन्सवाले भांडायला येणार हे माहितीय, या. फक्त येण्याआधी मोबाइलच्या स्पीकरवर नको, जरा बऱ्या हेडफोनवर, बास ऐकू येईल असं एकदा पूर्ण ऐका, मग 'पेड इन फुल' लावा आणि परत हे लावा.